सरकी

शनिवारी, अर्धी शाळा सुटल्यावर, सेलूला,
प्रयोगशाळेच्या भिंतीवर मी जपानी सिनेमा लावला.
पडदा म्हणून गॅदरिंगची चादर.
खालची अक्षरं काही केल्या उमटेनात.
पोरं म्हणाली, ऱ्हाऊ द्या सर, चालू द्या.

मग चालूच झालं.
एका बाईनं चंद्राला इस्त्री केली,
घडी घालून कपाटात ठेवला.
जिन्याला पिसं फुटली.
एक पोस्टमन छातीतला खण उघडून
कुणाचं तरी तळं पोचवायला निघाला,
पत्ता सापडेना,
तळ्यातले मासे वाकून बाहेर बघत.

लाहोटी सर दारात, हातात चाव्या.
"गोष्ट काय आहे याची?"
म्हटलं, एक पोस्टमन आहे.
"मग?"
मगचं मला माहीत नव्हतं.
वीस वर्षं चित्रकला शिकवतोय,
दोन डोंगर, मधे सूर्य,
स्मरणचित्र : आठवडी बाजार,
मग? असं कुणी विचारलं नव्हतं.

एवढ्यात बर्फ पडायला लागला,
खालून वर.
"जिनिंग चालू झाली!" नुसरत ओरडली
आणि खोलीभर हसू, कारण खरंच
दिवाळीनंतर स्टेशनरोडला असंच असतं,
तारांवर, बाभळींवर, म्हशींच्या पापण्यांवर कापूस.
मुंजाजीची आई कामावरून येते
ती पांढऱ्या भुवयांची.
तोंड धुतलं की परत तरुण.

सोमवारी मधल्या सुट्टीत मुंजाजी
धाकट्या भावाला सिनेमा सांगत होता.
मी नळापाशी थांबलो.
पोस्टमनला त्यानं नाव दिलं, सासुरवाडी दिली,
साहेबाची बोलणी दिली.
तळं कुणाचं? धरणात गेलेल्या गावाचं.
चंद्र का घडी घातला? पाव्हणे येणार होते.
सगळं सुतासारखं सरळ.
फक्त बर्फापाशी अडला.
"कापूस वर गेला."
"कामून?"
"कामून न्हाई.
तिथं गोष्ट थांबती, आन् नुस्तं दिसत ऱ्हातं."

लाहोटी सरांच्या घरचीच जिनिंग.
सरकीचं तेल निघतं, पेंड निघते, हिशेब लागतो.
तारांवर अडकलेल्याचा कुणी हिशेब ठेवत नाही.

दुपारी सातवीला म्हटलं, चित्र काढा.
विषय?
विषय नाही.
बराच वेळ नुसते पंखे फिरले.
मुंजाजीनं कोरा कागद दिला.
खिडकीत धरून पाहिला :
पांढऱ्या खडूनं काहीतरी काढलेलं,
वर जाणारं.

शेऱ्याच्या जागी मी लिहिलं, मग?
आणि खोडलं.