सात पूर्णांक एक

रेड्रुथच्या भाड्याच्या घरात, वरच्या खोलीत बसून
मी एका देशाला गुण देते.
दहापैकी. जास्त गुण म्हणजे जास्त धोका,
शाळेच्या अगदी उलट.
तो देश मी पाहिलेला नाही.
त्याच्या राजधानीचं नाव अजूनही
दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी उच्चारते,
लंडनच्या मीटिंगमध्ये कुणी टोकत नाही.

काल रात्रभर तिथल्या रेडिओवर लष्करी बँड वाजला.
पहाटे खाणमंत्री बदलला.
नवा माणूस पहिल्याच भाषणात म्हणाला, आमचं तांबं.
‘आमचं’ हा शब्द तीनदा.
मी मोजला. मोजायचेच मला पैसे मिळतात.
पाच पूर्णांक आठचं सात पूर्णांक एक केलं,
खाली एक ओळ – करारांच्या फेरतपासणीची शक्यता –
आणि वरण गरम करायला खाली गेले.
वाटी मायक्रोवेव्हमध्ये गरगरत होती
तेवढ्यात शेअर
एक्केचाळीस पेन्सवरून सव्वीसवर.

शेजारी जेगो ट्रेगेन्झा लीकच्या वाफ्यात वाकलेला.
वय एकोणऐंशी, एक कान खाणीत ठेवून आलेला.
त्या तांब्यात त्याचे चौदा हजार शेअर आहेत,
हे त्यानेच सांगितलं होतं, कुंपणावरून.
मॉरवेनाच्या विम्याचे पैसे. बँकेत नुसते कुजले असते.
मी तेव्हा म्हणाले, लीक छान आलेत.
नियम असतो. मी सही केलेली आहे.

दुपारी फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून
त्याने विचारलं, हे लाल काय गं?
‘बाजार घाबरलाय,’ मी म्हटलं,
जणू बाजार म्हणजे फटाक्याला बुजलेलं एखादं खोंड
आणि काडी ओढणारा हात
कुणा भलत्याचाच.

तो हसला. टेकडीवरच्या इंजिनघराकडे हनुवटी केली.
छप्पर गेलेलं, धुरांडं उभं, त्यात कावळ्यांची वस्ती.
‘आम्ही तर घाबरलोही नव्हतो.
कथील होतं खाली. भरपूर. अजून आहे.
लंडनमध्ये फळ्यावर भाव लिहायचे थांबले
आणि आम्ही वर आलो
ते आलोच.’
मग थांबून, ‘काय म्हणाला काय तो मंत्री?’
‘आमचं तांबं म्हणाला.’
जेगोने लीकची मुळं बुटावर आपटली, माती झाडली.
‘मग? आहेच की त्यांचं.’
आणि त्याच दमात,
‘विकू का पण?’

माझे आजोबा चिखल्याच्या मँगनीज खाणीवर
हजेरीचं रजिस्टर धरायचे.
कंपनी तेव्हा लंडनची.
साहेब जाणार, सरकार येणार, अशी आवई उठली
तेव्हा म्हणे तारांवर तारा आल्या,
बंगल्यावर रात्री उशिरापर्यंत दिवा.
‘आमाले काय कराचं होतं बाप्पा,’ आजोबा सांगायचे,
‘दगड कालबी काराच होता, आजबी काराच.’
त्या सुमारास इथल्याच कुठल्याशा खोलीत
चहा ढवळत कुणीतरी
भंडारा जिल्ह्यालाही गुण दिले असणार.
किती दिले असतील?
आणि नाव? भ जमला असेल का त्याला?

जेगोला मी काय म्हणाले ते लिहीत नाही.
म्हणण्यासारखं काही नव्हतं,
वाऱ्यात दोघं उभे होतो, त्याचा चांगला कान
माझ्याकडे.

संध्याकाळी वरिष्ठांचा निरोप –
गिऱ्हाइकं अस्वस्थ आहेत, साडेसात करता येईल का,
म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको.
मी रेडिओचं ते भाषण पुन्हा लावलं.
आकड्यासाठी नाही.
तो माणूस आपल्या गावाचं नाव घेतो
तिथे थांबवलं, मागे नेलं, थांबवलं.
माझ्या दोन्ही तऱ्हा चुकीच्या होत्या.
मधलं अक्षर तो जवळजवळ गिळतो.
दार लावून घेतलं
आणि मोठ्याने म्हणून पाहिलं.