सराफ्यातला फ्रीजर

हा फ्रीजर आधी सराफ्यातल्या कुल्फीवाल्याचा होता.
झाकणावर अजून अर्धं केशर, अर्धा पिस्ता,
आणि 'ठंडा'मधला 'ठं' तेवढा शाबूत.
गल्लीतली पोरं दार वाजवतात : काकू, आहे का?
संपली रे, मी म्हणते.
आत बकऱ्याचं मांस,
डब्याडब्यांतून, झाकणांवर वारांची नावं.

जीरू. जिरावनच्या रंगाची म्हणून जीरू.
इंदूरची कुत्री, पोह्यांवर वाढलेली.
शेव जमिनीला टेकायच्या आत तिच्या तोंडात,
रविवारी जलेबीचं टोक,
संध्याकाळी तूप लावलेली पोळी, फुगलेलीच हवी.
मग पोटाखाली लाल चट्टे,
पंजांच्या बेचक्यांत ओल,
कानांना शिळ्या ताकाचा वास,
आणि रात्रभर पट्ट्याचा बिल्ला
किण किण किण किण,
जसं कुणी अंधारात चिल्लर मोजतंय
आणि हिशेब लागत नाहीये.

महूला भदौरियाबाईंनी चट्टा काचेवर खरवडून पाहिला.
गहू बंद. बेसन बंद. कोंबडी तर आधी बंद.
एकच प्राणी, दोन महिने, दुसरं शीतही नाही.
कच्चं का शिजवलेलं?
मी शिजवलेलंच सांगेन, त्या म्हणाल्या,
पण लोक ऐकत नाहीत. कच्चं दिलंत तर हात धुवा.
हात धुवा, हे तीनदा.

मी ऐकलं नाही.
खरं सांगू? शिजवायचं तर वास घरभर फिरला असता,
कच्चं निदान गप्प असतं.

बंबई बाजारातून दोनदा स्कूटर नुसतीच नेली.
तिसऱ्यांदा थांबले.
मुख्तारभाईंनी माझी टिकली पाहिली,
मग पिशवी : तिच्यावर गणपती.
मी ती उलटी केली.
किसके लिए, भाभी?
खाज येते, मी म्हटलं. मला नाही. कुत्रीला.
ते हसले नाहीत. चरबी काढली, तुकडे लहान केले,
म्हणाले, आमच्या अम्मीचंही असंच,
वांगं खाल्लं की.

विमा कंपनीत तेहतीस वर्षं हप्ते जुळवले,
हाही जुळला :
दिवसाला चारशे ग्रॅम, त्यात काळीज वीस, वर नाही.
भाजणीचा जुना काटा गच्चीवर नेला,
सुरी वेगळी, पाट वेगळा, तिची ताटली वेगळी.
ती जेवायची तेव्हा हे पेपर घेऊन
घराच्या दुसऱ्या टोकाला जायचे
आणि तिथं पान उलटल्याचा आवाज यायचा नाही.

एकोणिसाव्या दिवशी चट्टे परत.
मी मांसावर संशय घेतला, नर्मदेच्या पाण्यावर,
फिनाइलवर, मुख्तारभाईंवरसुद्धा.
शेवटी सोफ्याखाली झाडू घातला
तर लवंगी शेव. दोन काड्या, कुरकुरीत, कालच्याच.
'ती बघत होती गं,' हे म्हणाले.
एवढंच.
मी कॅलेंडरवर परत एक आकडा घातला.

आता पोटावर लव आलीय, मऊ, उलटी फिरवावी अशी.
पंजे अजून चाटते. कान बरे.
मांसामुळे की पोळी सुटल्यामुळे,
भदौरियाबाईही सांगत नाहीत.

काल रात्री जाग आली ती आवाज नव्हता म्हणून.
उठून तिच्या नाकापुढे तळवा धरला,
ऊब होती.
अंथरुणावर परत आले, आणि मग ते सुरू झालं :
दिवसातून चौदा वेळा साबणानं धुतलेली
माझी बोटं, पेरापेराशी फुटलेली,
आणि दुसऱ्या हाताची नखं.

'पुन्हा सुरू झालं का तिचं?' अंधारातून ह्यांनी विचारलं.

नाही, मी म्हटलं.
झोपा. मी आहे.