चार गुणांचा प्रश्न

नववी ब. जेवणानंतरचा तास.
वारणेकडनं मळीचा वास खिडकीत येऊन बसलेला.
मी फळ्यावर लिहितो : सोळाशे सात.
तीन जहाजं. शंभरावर चार माणसं.
व्हर्जिनियाच्या रफारावर खडू मोडतो.

नदीकाठची दलदल निवडली त्यांनी,
तिथं कुणीच राहत नव्हतं म्हणून.
का राहत नव्हतं, हे विचारायलाही कुणी नव्हतं.
हे मी दरवर्षी म्हणतो,
आणि पोरं दरवर्षी हसतात.

पाणी मचूळ. ताप. हगवण.
सोनं शोधायला आलेल्यांना
कुदळ कुठनं धरायची ते ठाऊक नाही.
तिसऱ्या हिवाळ्यात घोडे संपले,
मग कुत्री, मग उंदीर,
मग बुटांचं कातडं उकळून.
"सर, कापशी पायताण असतं
तर आठवडा निघाला असता,"
मागच्या बाकावरनं अभय मगदूम.
मीही हसलो. साठेक उरले, म्हणालो,
आणि पान उलटलं.

तेरा वर्षांनी दुसरं जहाज, आणखी उत्तरेला.
उतरले, वाळू उकरली,
तर पेव लागलं.
टोपलीत कणसं : पिवळी, तांबडी, काही निळसर.
कुणीतरी पुरून ठेवलेलं बियाणं.
देवानं दिलं म्हणाले.
धनी भेटला की पैसे देऊ, असंही म्हणाले,
आणि खांद्यावर घेऊन निघाले.

सगुणा झोरे उभी राहिली.
वर्षभरात पहिल्यांदा.
"सर, प्याव कुनाचं हुतं?"

ती वसाहतीतली.
गावाबाहेर पत्र्याच्या कमानीवर रंगवलंय,
पुनर्वसन वसाहत.
खाली बारीक अक्षरात
बुडालेल्या वाडीचं नाव.
मे महिन्यात धरण उतरलं
की दीपमाळेचा शेंडा दिसतो,
तेव्हा वसाहतीतली माणसं टेम्पो करून बघायला जातात,
नारळ घेऊन.

मी उत्तर जुळवत होतो, तोवर
अभय वळला. या वेळी हसत नव्हता.
"आमचं. दोन एकर. हिरीजवळचं."

सातबारा त्याला पाठ.
आज्ज्याच्या नावावरची रेघ त्यानं
बोट फिरवून बघितली असणार.
उरलेल्या सहा एकरांत ऊस आहे,
आणि त्या उसाला येणारं पाणी
सगुणाच्या चुलीवरनं,
गोठ्यावरनं, दीपमाळेवरनं येतं.
हे मी बोललो नाही.
घंटा व्हायला अकरा मिनिटं होती.
मी तंबाखूकडे वळलो.
तंबाखूनं ती वसाहत तगली, म्हणालो,
आणि निपाणीचं नाव घेतल्यावर
वर्ग पुन्हा माझा झाला.

चाचणीत प्रश्न चौथा :
अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती का स्थापन झाल्या?
अभयनं लिहिलंय
सोनं, धर्म, व्यापार, जमीन.
पुस्तकातलंच, क्रमसुद्धा तोच. चारपैकी चार.

सगुणाचं दीड पान.
"काहींना मागं राहाता येत न्हवतं.
काही हावरी हुती.
जहाजात दोघं शेजारीच बसली असतील,
उतरल्यावर वळखू येत नाहीत.
पहिल्या थंडीत तिथल्या लोकांनी मका दिला.
आम्हाला मगदूमकाकींनी ताक दिलेलं,
मी तवा तीन वर्षांची, तांब्या आठवतोय.
मग मोजणीवाला आला.
मग ताक बंद झालं.
पेवाचं पैसं दिलं का, ते पुस्तकात नाही.
सरांनी बघून सांगावं."

शुद्धलेखनाच्या सात चुका.
मी सहा दुरुस्त केल्या,
"वळखू" राहू दिलं.

कपाटात जाड पुस्तक आहे. त्यात असेल.
अजून काढलं नाही.
समासात "चारपैकी" लिहिलंय,
आणि टोपण शोधतोय पेनाचं,
शाई वाळू नये म्हणून.