रिकाम्या जागा

सुन्नीवानं पुन्हा एकदा खिडकीबाहेर पाहिलं.
वार्डोच्या बंदरात पाणी काळं, सुस्त,
दोन बोटी एकमेकींना अंग घासत उभ्या.
स्क्रीनवर मात्र लाटेची उंची:
दोन, आणि त्यापुढे एकशे त्र्याऐंशी आकडे.
मीटर.

जुना प्रोग्राम सी-मधला, ओडवारचा,
तो निवृत्त होऊन नऊ हिवाळे झाले.
नवा पायथनमधला, तिचा.
मधे एक उंबरठा.
त्यावरून नावं जात नाहीत, अर्थ जात नाही,
फक्त बाइट जातात, मुकाट, रांगेनं,
कोण कुठे संपलं
हे पलीकडच्यानं ओळखायचं.

तिनं काटकसरीनं मांडलं होतं,
पिंपात मीठ लावून रचलेल्या हेरिंगसारखं:
ठाण्याचं अक्षर, एक बाइट.
त्याला चिकटून उंची, आठ.
मग वेळ, चार.
तेरा. सुई शिरणार नाही.

फोन लावला तेव्हा ओडवार
मुलाच्या बोटीचं इंजिन खोलून बसलेला.
आधी वारा कुठला आहे ते विचारलं.
मग म्हणाला,
अक्षरानंतर सात जागा रिकाम्या आहेत.

कशासाठी?

कशासाठी नाहीत.
आठाचा आकडा आठाच्याच पायरीवर बसतो.
अक्षर एकटं आलं, तरी त्याच्यामागे
पुढची पायरी येईपर्यंत कोणी बसत नाही.

मग कुठे लिहून का नाही ठेवलंस?

पाना खाली ठेवल्याचा आवाज.
तेव्हा इथे मी एकटाच होतो, म्हणाला.

शाळेत सगळ्यांना एकच शिकवतात,
रिकाम्या जागा भरा.
तिनं त्या भरल्या नाहीत, मोजल्या.
सात शून्यं, जिथे ती इतका वेळ
समुद्र वाचत होती.

शेवटीही चार आहेत गं, तो ओरडला,
म्हणजे चोवीस!
चोवीस लिहिलं.
दोन पूर्णांक तीन मीटर.
ती हसली नाही, नुसती खुर्चीत मागे रेलली.

आणि ऐक, वाचून झालं की
ती जागा तू मोकळी करू नकोस.
मी घेतलेली आहे, मीच परत करणार.
त्यासाठी एक फंक्शन ठेवलंय,
तेवढी हाक मार.

कोणत्या नावानं?

ते काही त्याला आठवेना.
ती यादी वाचत गेली,
तो नाही, नाही म्हणत गेला,
आणि धक्क्यापलीकडे, अंधारात,
आपल्या खऱ्या उंचीची लाट
येतच राहिली.