डावी टाच

मोठ्या उपवासाला आठवडा राहिला होता.
त्या सकाळी पेइप्सी सरोवराच्या अर्ध्या वाटेवरून
मी परत फिरले.

बर्फ चांगला होता.
कार्पने गिरमिटाने भोक पाडून मोजला,
वीतभर, आणि वर चार बोटं.
फोन म्हणत होता, वारा नाही.
सव्वातीने त्याची ती घरी जोडलेली गाडी थांबवली,
छातीएवढ्या चाकांची,
आणि ओरडला, "काय गं फेवरोनिया,
चुलीवर दूध विसरलीस?"

म्हटलं, टाच.
"कसली टाच?"
डावी टाच नको म्हणतेय.

ते हसले. त्यांच्या जागी मीही हसले असते.
मग रिकामा डबा पाठीला लावून
दोन तास चालत आले,
माझ्याच गाडीच्या चाकोरीतून, उलटी.

संध्याकाळी सगळे परतले.
सगळे. धडधाकट.
पोती भरून मासे, शेपट्या अजून वळवळणाऱ्या.
बर्फ कुठे केसभरही तडकला नव्हता.
कार्पच्या बायकोने चार मासे कागदात गुंडाळून पाठवले,
सोबत निरोप: टाचेला खाऊ घाल.
मी तळले. चवीला छान होते.

तर, टाच चुकली का?
गावाच्या वहीत चुकली, तशी नोंद झाली आहे.
पण त्यांच्या पायाखालचा बर्फ
त्यांना कळला.
माझ्या पायाखालचा कसा निघाला असता
ते मी परत आल्यामुळे
कुणालाच कळणार नाही आता, मलासुद्धा.
एवढं न कळणं अंगावर घालून झोपता येतं,
हे मला बासष्टाव्या वर्षी समजलं.

भीतीला मी ओळखते.
ती वकिलासारखी येते, काखेत कागद घेऊन,
नवऱ्याचं नाव पुढे करते
(तो तर अंथरुणात गेला, कोरड्या जमिनीवर),
पहाटेपर्यंत बोलत राहते
आणि प्रत्येक वाक्यानंतर विचारते, पटतंय ना?
टाच एकदाच बोलते.
का, म्हणून विचारलं तर मुकी.

आता तार्तूहून येव्सेईचा फोन येतो, दर रविवारी.
घर विकून टाक आई, इथे लिफ्ट आहे,
खालीच दवाखाना आहे, पोरीला तू हवी आहेस.
त्याचं एकही वाक्य खोटं नाही.
मी पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण फाडून
मधोमध रेघ मारली.
जाण्याच्या बाजूला अकरा कारणं झाली.
राहण्याच्या बाजूला तीन,
त्यातलं एक मांजर.
टाच गप्प.

प्रार्थनाघरातले निकीता आजोबा म्हणाले, देवावर सोड.
म्हटलं, सोडलंय हो.
पण तो उत्तर कुठल्या पत्त्यावर पाठवतो
ते कुणीतरी जाऊन बघायला नको?
ते दाढीतल्या दाढीत काहीतरी म्हणाले. हसले असावेत.

येव्सेईला गप्प बसणं कळत नाही.
त्याला वाटतं, आई नाही म्हणतेय, फक्त हळू.
तसं नव्हतं.
पीठ फुगायचं होतं,
आणि झाकण सारखं उघडून बघणारा
पिठाचा शत्रू असतो, एवढंच.

मंगळवारी मी उल्याना बाईंना बसवर सोडायला गेले.
पाठीचं दुखणं, इस्पितळात चालल्या होत्या.
त्यांची पिशवी वर दिली, हात हलवला,
दार बंद व्हायला लागलं
तेव्हा दिसलं,
माझा डावा पाय पायरीवर आहे.
अंगात घरातला झगा, ना पैसे, ना तिकीट.
ड्रायव्हर म्हणाला, "येताय का?"

आज नाही, म्हटलं, आणि पाय खाली घेतला.
पण मी तो पाहिला होता.

येव्सेईला अजून बोलले नाही.
मांजराचं काय करायचं ते ठरलेलं नाही,
आणि कदाचित चुकेनही;
तार्तूत कुठे बर्फ आहे वीतभर,
तिथे भोक पाडून कोण मोजणार?

बियाण्याचे कांदे मात्र
काल टोपलीत घालून
कार्पच्या बायकोला देऊन आले.
"एवढे कशाला?" म्हणाली.
म्हटलं, चार मासे होते ना, त्याचे.