पहाटेपुरता बिघाड

तीन वेळा आले मी या बंदरावर
अंतोफागास्ताहून, सकाळच्या बसने,
पाने, मीटर आणि दोन पाव घेऊन.
तिन्ही वेळा यंत्रणा ठणठणीत.
हिरवा दिवा. व्होल्ट जिथल्या तिथे.
सेगुंदो बाजूला उभे, लोकरी टोपी हातात,
डॉक्टर दारात येताच ताप उतरलेल्या पोराच्या
बापासारखे ओशाळून.

"पहाटे रुसतं ते," म्हणाले,
"दहापर्यंत बोलत नाही.
तोवर फ्रीजरमधल्या मासळीला घाम सुटतो."

कुठेतरी पाणी मुरत होतं, हे उघडच.
पण या किनाऱ्यावर पाऊस पडत नाही.
सेगुंदोंच्या नातीनं छत्री
फक्त चित्रात पाहिलीय.

चौथ्या खेपेला मुक्कामालाच आले.
जाळ्यांच्या खोपीत, मीठ लागलेल्या दोरांवर पथारी.
रात्रभर वारा.
पडल्या पडल्या ऐकत होते:
घट्ट बोल्ट मुका असतो,
सैल क्लॅम्प बडबडतो.
दुसऱ्या रांगेत दोन, पाचवीत एक.
बाकीची दुखणी पाठ होती:
स्टीलचा स्क्रू आणि अॅल्युमिनियमची पट्टी,
त्यांच्यात खाऱ्या हवेनं लावून दिलेलं भांडण,
बोट फिरवलं की झडणारी पांढरी भुकटी.
आणि सीगल, उंचावरून काचेवर शिंपले आपटून फोडणारे.
एका काचेला त्यांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा दिलाय,
तरी ते पॅनेल दुखणं अंगावर काढत
रोज थोडंफार कमावतंच.

पाचाच्या सुमारास कामान्चाका आली.
समुद्रावरून चढणारं हे धुकं,
पावसाची चुलत बहीण म्हणा,
ओंजळ भरत नाही, पण पापण्यांवर थेंब ठेवून जाते.
उजाडलं.
इन्व्हर्टर जागा झाला, पुटपुटला,
आणि लाल.

लाज वाटावी इतका आनंद झाला मला.

एकेक रांग सोडवत गेले.
पहिली निर्दोष, दुसरी निर्दोष.
तिसरीच्या खाली उताणी शिरले,
पाठीला पक्ष्यांची विष्ठा, डोळ्यांत धूळ, दातांत टॉर्च.
तिथे वायर लोंबत होती,
पट्टीच्या धारेवर सहा वर्षं वाऱ्यानं करवतलेली.
आतलं तांबं उघडं पडलं होतं, तिळाएवढं.
तिळावर एक थेंब.
थेंबाच्या पलीकडे लोखंड, जमीन, सगळा डोंगर.
दहा वाजता ऊन हा थेंब पुसून टाकायचं
आणि बारा वाजता मी यायचे.

वायर लोंबली का, ते शेजारीच होतं.
बांधायच्या पट्टीचा तुकडा, नखाएवढा,
हात लावताच बिस्किटासारखा चुरला.
पांढरा.

काळी पट्टी ऊन सोसते, पांढरी नाही.
शिकाऊ पोरांना पहिल्याच दिवशी सांगते मी हे.
पण उद्‌घाटनाच्या आदल्या संध्याकाळी
शेवटच्या रांगांना काळ्या संपल्या होत्या,
दुकानात पांढऱ्याच मिळाल्या,
आणि कोणीतरी म्हणालं होतं:
आत्ता चालतील, पुढच्या खेपेला बदलू.
त्या कोणीतरीचे केस तेव्हा लांब होते,
आणि तिला दुसऱ्या दिवशी घरी जायचं होतं.

खराब वायर कापली, नवी जोडली,
कनेक्टरचा टक्क आवाज दोनदा ऐकला.
धुकं अजून होतंच. दिवा हिरवा झाला.

फॉर्मवर "बिघाडाचे कारण" असा रकाना असतो:
वारा, क्षार, पक्षी, अज्ञात.
चारही मोकळे सोडले.
खाली लिहिलं: पांढरी पट्टी. ओरिएता चोके.

सेगुंदोंच्या तळव्यावर तो चुरा ठेवला.
"एवढंच?" ते म्हणाले,
आणि तळलेला मासा आणायला वळले.

बसमध्ये झोप आली नाही.
पाकिटात शंभर पट्ट्या होत्या.
इथे चाळीस लागल्या.
त्या महिन्यात मी आणखी कुठे कुठे गेले होते,
ते खिडकीला डोकं टेकून
आठवत बसले.