आस

ओल्यांवच्या मासळीबाजारामागे, बर्फाच्या कारखान्याला लागून
माझं दुकान. नवे कॅमेरे, वापरलेले कॅमेरे,
घड्याळांचे सेल, आणि छत्र्या,
कारण नुसत्या कॅमेऱ्यांवर भाडं निघत नाही.

इदालिना आली गुरुवारी, शटर अर्धं ओढल्यावर.
पुतण्यानं लक्झेंबर्गहून फोनवर सांगितलेला आकडा
तळहातावर पेनानं लिहून आणलेला:
साडेचार कोटी.
"एवढे ठिपके हवेत. एकही कमी नको म्हणालाय."

मी विचारलं, फोटो केवढा छापणार?
तिने तोच हात पुढे केला. आकड्यासकट.

एवढ्या कागदाला वीस लाख पुरतात, बाई.
उरलेले चार कोटी तीस लाख
नुसते पंगतीला येणार.

ती हसली नाही.
एकेचाळीस वर्षं जाळी विणली तिने,
आकड्यांना ती भुलत नाही, पण पुतण्यावर तिचा जीव.
म्हणून मी खणातून एक मेलेला कॅमेरा काढला,
उघडून दाखवला आतला सेन्सर, करंगळीच्या नखाएवढा.
एवढ्याशा जागेत घरं पाडायची.
जितकी जास्त घरं, तितकं प्रत्येक लहान,
तितका प्रत्येकाच्या वाट्याचा उजेड थोडा.

"म्हणजे आस," ती म्हणाली.
"जाळं तेवढंच, आणि आस बारीक केली
तर मासे वाढत नाहीत.
गाळ येतो. शेवाळ येतं.
नखाएवढी पिलं येतात, ती ना खाता येत, ना सोडवत."

संध्याकाळच्या फोटोत काळ्या भागावर जो रवा पसरतो
तो हाच गाळ. सोळा वर्षं मी गिऱ्हाइकांना समजावतोय,
आणि खडूनं चौकोन काढत बसतो.

कोणाचा फोटो, हे मी शेवटी विचारलं.
आधी विचारायला हवं होतं.

आन्सेल्मुचा. स्वयंपाकघरात. दिवे लागल्यावर.
दिवसा तो खिडकीकडे तोंड करून बसतो, बोलत नाही.
रात्री सूप ठेवलं की मान वळवतो.
फ्लॅश नको, दचकतो.
हलतो का?
"हात तेवढे. थांबतच नाहीत."

मी वरच्या फळीवरचा जुना उतरवला.
एक कोटी वीस लाख. कोपरे घासलेले,
पट्टा तुटका, पण सेन्सर ऐसपैस
आणि भिंगाचा डोळा घुबडासारखा उघडणारा.
"कमी पडलं तर नंतर मोठं करता येतं ना, कम्प्युटरवर?"
येतं. पण आडातच नसेल तर पोहरा कितीही मोठा घ्या.
तिने किंमत दोनदा विचारली, दोनदा पाडली.

तीन आठवड्यांनी दोन फोटो घेऊन आली.
पहिला मी सांगितला तसा काढलेला, झटपट.
पापणी न् पापणी मोजावी. बशीवरचा तडा.
टेबलावर हात, स्वच्छ, दहाही बोटं.
मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

"हा कोण आहे?" ती म्हणाली.
"याचे हात थांबलेत."

दुसरा चुकून निघालेला, शटर रेंगाळलेलं.
चेहरा तसा बरा. आणि टेबलाच्या कडेला
हातांच्या जागी एक पांढुरकी वाफ,
चमचा कुठे सुरू होतो कळू नये अशी.

हा तिला मोठा करून हवा होता.
भिंतीवर लावण्याएवढा.

मी भिंग लावून पाहिला. काठ नाहीत. धार नाही.
याला कुठल्या रकान्यात चांगलं म्हणायचं
ते माझ्या कुठल्याच पत्रकात नाही.
छापून दिला. कागदाचे तेवढे पैसे घेतले.

जाताना कॅमेरा तिच्या गळ्यात होता.
तुटका पट्टा तिने सांधला होता हिरव्या नायलॉननं,
जाळ्याच्या गाठीनं.
ती गाठ मला जवळून पाहायची होती.
तोवर ती बर्फाच्या गाडीमागे गेलेली.